गणपतीच्या भेटीला घरचं सिरप: रातांबा फोडण्यापासून बाटली बांधण्यापर्यंत

गणपतीला आलेला चाकरमानी रिकाम्या पिशवीने परत जात नाही. आमसुलं, कुळथाचं पीठ, दोन-चार नारळ आणि अमृत कोकमाची, म्हणजे रातांब्याच्या (कोकमाच्या फळाच्या) सिरपाची, एक तरी बाटली बरोबर जातेच. ती बाटली भरलेली असते मे महिन्यात, हातात पडते भाद्रपदात, आणि मुंबई-पुण्याच्या घरात कित्येकदा दिवाळी उलटल्यावर उघडते. म्हणजे फळ फुटल्यापासून पहिला पेला भरेपर्यंत सहा महिने सहज जातात. त्यातला निम्मा काळ भर पावसाळ्याचा असतो.

घरात प्यायचं सिरप आणि भेट द्यायचं सिरप यांत फरक पडतो तो इथेच. घरातली बाटली फ्रिजमध्ये असते. तिला फेस आला तर आपल्याला दिसतं, आधी तीच संपवता येते. भेट मिळालेल्या माणसाला आत काय चाललंय ते कळत नाही, तो विश्वासाने झाकण उघडतो. म्हणून खालची सगळी प्रमाणं टिकाऊपणाचा विचार करून दिली आहेत. चवीसाठी साखर कमी करायची असेल तर ते सिरप घरी ठेवावं, भेट देऊ नये.

सिरप टिकतं कशामुळे

तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात: साखर, आंबटपणा आणि कोरडी स्वच्छता.

साखर पाण्याला बांधून ठेवते. १०० ग्रॅम सिरपात ६५ ग्रॅमच्या वर साखर असली की बुरशी आणि बहुतेक जंतूंना वाढायला मोकळं पाणी उरत नाही. काही चिवट यीस्ट तिथेही तग धरतात, म्हणून भेटीसाठी ६८ ते ७० गाठलेलं बरं. आंबटपणा दुहेरी काम करतो. एक तर जंतूंना तो मानवत नाही. दुसरं म्हणजे आंबट रसात साखरेचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि असं मिश्रण थंडीत सहसा दाणेदार होत नाही. अमृत कोकमात इतकी साखर असूनही बाटलीच्या तळाशी खडे धरत नाहीत, ते यामुळेच.

कोरडेपणाकडे मात्र हमखास दुर्लक्ष होतं. बाटलीत चमचाभर पाणी राहिलं असेल तर ते सिरपात लगेच मिसळत नाही, हलकं असल्यामुळे वर तरंगतं. बाकीची बाटली उत्तम असते, पण त्या वरच्या पातळ थरात साखर जेमतेम ३०-४० टक्के असते आणि बुरशीची पहिली पांढरी टिकली तिथेच उगवते.

साखर किती झाली ते घरच्या काट्यावर पाहावं

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे साखरेचं प्रमाण दाखवणारं उपकरण, असेल तर प्रश्नच नाही, दोन थेंबांत आकडा मिळतो. फक्त तो ५८ ते ९० ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅममधली साखर) पट्ट्याचा घ्यावा. स्वस्तातला ० ते ३२ चा इथे कामाचा नाही. पण तो नसला तरी अडत नाही, कारण सिरपात साखर जितकी जास्त तितकं ते जड.

२०० मिलीची एक लहान काचेची बाटली घ्या. रिकामी बाटली डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. मानेवर दोरा बांधून खूण करा, खुणेपर्यंत पाणी भरा आणि वजन लिहून ठेवा. समजा २०० ग्रॅम भरलं. आता बाटली रिकामी करून पूर्ण कोरडी करा आणि त्याच खुणेपर्यंत सिरप भरा. सिरप घरातल्या तापमानाला आलेलं हवं, गरम सिरप हलकं भरतं आणि फसवतं. बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत दहा मिनिटं थांबा, मग वजन करा. २६४ ग्रॅम म्हणजे पाण्याच्या १.३२ पट, अर्थात साखर साधारण ६५ टक्के. २७० म्हणजे १.३५ पट, साखर ७० च्या आसपास. २५८ च्या जवळ आलं तर साखर ६० टक्केच आहे. अशा वेळी सिरपाच्या दर किलोला पाव किलो साखर आणखी विरघळवावी, की ते ६८ वर पोचतं.

ही खुणेची बाटली एकदा तयार केली की दर वर्षी कामाला येते. बोटावर तार पाहण्याची सवय सिरपासाठी सोडून द्यावी. एकतारी पाक लाडवांना लागतो. त्यात साखर ८० टक्क्यांच्या घरात गेलेली असते, आणि असा पाक बाटलीत भरला तर महिन्याभरात खडीसाखर होऊन बसतो. उकळणाऱ्या सिरपात थर्मामीटर धरलात तर १०४ अंशांच्या आसपास थांबायचं.

अमृत कोकम

यात पाण्याचा थेंब नाही आणि विस्तवही नाही. सालीतलं पाणी साखर स्वतःच ओढून घेते, ऊन त्या कामाला वेग देतं.

रातांबे एप्रिलअखेरीपासून पिकू लागतात, पण बऱ्याच झाडांचं फळ पावसात सापडतं. पाऊस लागलेल्या फळाची साल पाणी पिते, चिरते, आणि दोन दिवसांत आंबूस वास मारते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेली कोकण अमृता ही जात पावसाआधी हाती लागते, तीही याच कारणाने बागायतदारांना आवडते. तारखेवर विसंबून राहू नये. २०२५ साली मोसमी पाऊस मे संपायच्या आत कोकणात उतरला आणि ज्यांनी खळ्यात (अंगणात) बरण्या मांडल्या होत्या त्यांना त्या घाईघाईने पडवीत घ्याव्या लागल्या. मेच्या पहिल्या पंधरवड्यात बरणी भरलेली असावी.

फळ गडद, काळपट लाल झालेलं, पण घट्ट हवं. बोटाने दाबल्यावर किंचित दबलं पाहिजे, फुटता कामा नये. लालसर-पिवळं फळ आंबट लागतं पण रंग देत नाही. चार किलो रातांब्यांतून साधारण दोन किलो साल निघते, उरलेलं वजन बियांचं आणि गराचं.

फळं धुवा, सुती कपड्याने एकेक पुसा आणि पंख्याखाली तासभर पसरून ठेवा. देठाकडचा भाग काढून स्टीलच्या सुरीने आडवे दोन भाग करा, म्हणजे सालीच्या दोन वाट्या होतात. बिया गरासकट वेगळ्या काढा. लोखंडी विळी इथे नको. कोकमाचं आम्ल लोखंड खातं, आणि त्या लोखंडाने लाल रंग काळसर निळा पडतो. ॲल्युमिनियम आणि कल्हई नसलेलं पितळ-तांबं यांनाही हाच नियम. बरणी चिनी मातीची किंवा काचेची घ्यावी.

प्रमाण वजनाने: साल १ भाग, साखर २ भाग. दोन किलो सालीला चार किलो साखर. एकदम सगळी ओतू नका. पहिल्या दिवशी अडीच किलो वापरा. बरणीच्या तळाला साखरेचा बोटभर थर द्या. मग प्रत्येक वाटीत चमचाभर साखर भरून ती तोंड वर करून बसवा. एक थर झाला की वर साखर भुरभुरा, पुन्हा वाट्या. सगळ्यात वर साखरच यायला हवी, उघडी साल दिसता कामा नये. बरणीचा वरचा चौथा भाग मोकळा ठेवा. उरलेली दीड किलो साखर तिसऱ्या दिवशी घालायची. सगळी एकदम घातली तर तळाशी दगडासारखा थर बसतो, आणि वरच्या साली अर्धा रस आत ठेवूनच आक्रसतात.

बरणीच्या तोंडाला दुहेरी मलमल बांधून खळ्यात उन्हाला ठेवा. खाली पाण्याची परात हवीच, नाहीतर सकाळपर्यंत मुंग्यांची रांग आत पोचलेली असते. ऊन कलायच्या आत बरणी घरात घ्यायची आणि मलमलीवर झाकण लावायचं. किनाऱ्यावरची रात्रीची हवा दमट असते, साखर ती ओलही ओढते, आणि दिवसभरात उन्हाने आटवलेलं रात्रीत परत येतं.

पहिल्या संध्याकाळी साखर ओली होऊन तळाशी दोन बोटं रस जमतो, फिकट गुलाबी. दुसऱ्या दिवशी साली अर्ध्या बुडतात. तिसऱ्या दिवशी राहिलेली साखर घाला आणि तिथून रोज सकाळी कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळा, नाहीतर खालचा थर विरघळतच नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत साखरेचा दाणा दिसेनासा होतो. सातव्या-आठव्या दिवशी साली कागदासारख्या पातळ, चिवट होऊन वर तरंगतात. डाव उचलला की रस मधासारखा संथ, सलग धारेने पडतो आणि उजेडात धरला तर माणकासारखा दिसतो. आता तयार झालं.

मीठ आणि जिरं शेवटच्या दोन दिवसांत घाला. दोन किलो सालीला ५० ते ६० ग्रॅम मीठ, आणि खमंग भाजून भरड केलेलं जिरं २५ ग्रॅम. जिरं कच्चट राहिलं तर त्याच्याबरोबर ओलही आत जाते आणि जंतूही. बारीक पूड करू नका, ती गाळणीतून उतरते आणि बाटलीच्या तळाशी गाळ दिसतो.

गाळताना साली पिळू नयेत. मलमलीत घालून रात्रभर टांगून ठेवा, झाकून. पिळलं की पाव लिटर जास्त मिळतं खरं, पण सगळं सिरप गढूळ होतं आणि तो गढूळपणा पुढे तळाशी बसतो. दोन किलो सालीतून साधारण सव्वातीन लिटर सिरप निघतं, म्हणजे पाऊण लिटरच्या चार बाटल्या भरून घरापुरतं उरतं. गाळल्यावर काट्याची परीक्षा घ्यायला विसरू नका. चांगल्या उन्हात झालेलं अमृत कोकम १.३४ च्या वरच भरतं.

ऊनच मिळालं नाही तर? घाबरायचं कारण नाही. साखरेला रस ओढायला ऊन लागतंच असं नाही, फक्त दिवस जास्त लागतात. बरणी घरातल्या कोरड्या, उबदार जागी ठेवून दिवसातून दोनदा ढवळा, दहा-बारा दिवसांत काम होतं. मात्र यात पाणी उडून जात नाही, म्हणून सिरप पातळ राहतं आणि त्यात काही जंतू जिवंत असण्याची शक्यता अधिक. असं सिरप गाळून स्टीलच्या पातेल्यात घ्यावं, ते पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या पातेल्यात ठेवावं, कमी पडलेली साखर विरघळवावी आणि ८० अंशांवर चार-पाच मिनिटं राखावं. थेट गॅसवर उकळी आणू नये. कोकमाचा लाल रंग उष्णतेने आधी विटकरी होतो, मग तपकिरी, आणि एकदा गेला की कशानेही परत येत नाही.

उरलेल्या गोड साली टाकायच्या नाहीत. दोन दिवस उन्हात सुकवल्या की खायला उत्तम होतात, छोट्या पुडीत बांधून बाटलीबरोबर द्याव्यात. बिया सुकवून ठेवाव्यात. त्यांच्यापासून निघणारं मुटेल (कोकमाचं तेल) थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावायला कोकणात आजही शोधतात.

भेट घेणाऱ्या घरात कुणाला मधुमेह असेल तर अमृत कोकम देऊ नका, आगळ द्या. कोकमाच्या सालीला आणि गराला किलोला १६० ते २०० ग्रॅम मीठ चोळून, रोज हलवत आठवडाभर मुरवायचं आणि गाळायचं. इथे टिकवायचं काम साखरेऐवजी मीठ करतं. ताजा नारळ, मिरची, लसूण घालून सोलकढीसाठी ही बाटली शहरातल्या माणसाला सिरपाइतकीच हवीशी वाटते.

करवंद आणि जांभूळ

ही दोन्ही सिरपं शिजवून करायची. करवंदं पूर्ण काळी, मऊ झालेलीच घ्या, कच्च्या करवंदाचा चीक सिरपात तुरटपणा आणि चिकट तवंग आणतो. एक किलो करवंदांना पाव लिटर पाणी घालून मंद आचेवर फळं फुटेपर्यंत, दहा-बारा मिनिटं शिजवा, डावाने दाबा आणि मलमलीतून गाळा. रसाचं वजन करा. त्याच्या दीडपट साखर घालून फक्त विरघळेपर्यंत आणि एक उकळी येईपर्यंत तापवा. लगेच उतरवा.

लगेच उतरवायचं कारण असं, की करवंदात पेक्टिन भरपूर असतं. पेक्टिन, आंबटपणा आणि ६५ टक्के साखर एकत्र आले आणि वर उकळत राहिलं, की जेली होते. सिरप म्हणून भरलेली बाटली दुसऱ्या दिवशी उलटी केली तरी पडत नाही, ती यामुळे. तसं झालंच तर बाटली गरम पाण्यात ठेवून ते सैल करा आणि रुंद तोंडाच्या बरणीत भरून पोळीबरोबर खायची जेली म्हणून द्या. फुकट काहीच जात नाही.

जांभळाचा रंग सालीत असतो, गरात फारसा नाही. म्हणून जांभळं हाताने कुस्करून सालीसकट ७० अंशांपर्यंत तापवायची आणि मग गाळायची. मिक्सरमध्ये घातली तर बिया फुटून सिरप कडू-तुरट होतं. जांभळात आंबटपणा कमी पडतो, म्हणून रसाच्या किलोला १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालावं. ते घातल्याबरोबर मळकट जांभळा रंग उजळून लाल-जांभळा होतो, डोळ्यांदेखत. साखर करवंदासारखीच, दीडपट.

आलं-लिंबू

ऐन वेळी करता येणारं हे सिरप आहे. कोकमाचा हंगाम हुकला तर गणपतीच्या आठ दिवस आधीसुद्धा जमतं.

आल्याचा रस १०० मिली, लिंबाचा रस ४०० मिली, पाणी अर्धा लिटर, साखर पावणेदोन किलो. एवढ्यात दोन लिटरच्या थोडं वर सिरप होतं.

आलं किसून पिळल्यावर रस उंच पेल्यात दीड-दोन तास स्थिर ठेवा. तळाशी पांढरा साका बसतो, तो आल्याचा स्टार्च. वरचा स्वच्छ रस अलगद ओता, साका तसाच राहू द्या. हा साका आत गेला तर गरम पाकात तो शिजतो आणि सिरपात कायमचं धुकं राहतं.

पाणी, साखर आणि आल्याचा रस एकत्र तापवून साखर पूर्ण विरघळवा. एक उकळी येऊ द्या, वरचा मळ काढा, गाळा. ६० अंशांपर्यंत निवू द्या. मग लिंबाचा रस घाला. लिंबू उकळत्या पाकात कधीही घालू नये, शिजलेल्या लिंबाची चव औषधासारखी होते. रस काढतानाही लिंबू फार दाबू नका. सालीतलं तेल आणि पांढऱ्या भागातला कडूपणा उतरतो, आणि हा कडूपणा ताज्या रसात जाणवत नाही, महिन्याने बाटलीत जाणवतो. बी तर एकही राहायला नको.

वाळ्याचं सिरप याच रीतीने होतं. पंचवीस ग्रॅम वाळा चार पाण्यांनी माती जाईपर्यंत धुवा, कात्रीने कापून एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा. गाळलेल्या पाण्याला १ किलो ८५० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. रंग फिकट तपकिरी येतो. बाजारातला हिरवा रंग वाळ्याचा नसतो, त्यामुळे आपलं सिरप चुकलं असं समजू नका.

कैरीचं पन्हं मात्र भेटीच्या यादीतून काढून टाकावं. त्यात गर असतो, साखर कमी असते, आणि गुळाचं केलं तर गुळाबरोबर ओल आणि यीस्ट दोन्ही येतात. ते फ्रिजमध्ये ठेवून घरीच प्यायचं.

संरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) घालावा का

साखर ६८ च्या वर, बाटली कोरडी आणि सिरप गरम भरलेलं असेल तर न घालता चालतं. पण बाटली तीन महिने घराबाहेर राहणार असेल तर घालावा असं आमचं स्पष्ट मत आहे. ठरलेल्या मात्रेत घातला तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त चिठ्ठीवर लिहावं.

कोणता घालायचा हे रंगावर ठरतं. कोकम, करवंद, जांभूळ यांना सोडियम बेंझोएट. पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ज्याला दुकानात केएमएस म्हणतात, त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड लाल-जांभळे रंग उडवतो. अमृत कोकमात तो घातला तर माणकाचा रंग एका रात्रीत फिका पडतो. आलं-लिंबाला उलट केएमएसच योग्य. ते लिंबाचा रंग काळपट होऊ देत नाही, आणि क जीवनसत्त्व असलेल्या रसात बेंझोएट टाळलेलं चांगलं, कारण दोघांच्या संयोगातून सूक्ष्म प्रमाणात बेंझीन तयार होऊ शकतं. दम्याच्या रुग्णांना केएमएसचा त्रास होऊ शकतो, म्हणून चिठ्ठीवर त्याचा उल्लेख ठळक हवा.

मात्रा: बेंझोएट सिरपाच्या किलोला ०.६ ग्रॅम, केएमएस ०.५ ग्रॅम. अर्धा ग्रॅम स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही, आणि चिमटीचा अंदाज इथे चालत नाही. म्हणून ६ ग्रॅम बेंझोएट उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून मिश्रण बरोबर १०० मिली करा. त्यातले १० मिली म्हणजे ०.६ ग्रॅम. औषधाच्या पिचकारीने किलोला १० मिली मोजून, ढवळत ढवळत, बारीक धारेने घाला. केएमएससाठी १०० मिलीत ५ ग्रॅम. केएमएस गरम सिरपात घालू नये, त्याचा वायू उडून जातो आणि नाकाला झोंबतो. पूर्ण निवल्यावरच घालावं. दोन्ही पदार्थ खाण्याच्या दर्जाचे, सीलबंद पाकिटातले घ्यावेत.

बाटल्या

जुनी बाटली चालते, जुनं बूच नाही. बुचाच्या आतल्या चकतीत आधीचा वास आणि बुरशी दोन्ही राहतात. नवी बुचं घाऊक दुकानात सुटी मिळतात. लोणच्याच्या बाटलीत तेलाचा वास कायम राहतो, तीही नको.

धुतलेल्या बाटल्या मोठ्या पातेल्यात, तळाशी फडकं घालून, गार पाण्यात बुडवा आणि मग उकळी आणा. उकळी आल्यापासून वीस मिनिटं. काढून उलट्या ठेवा, पाणी निथळलं की कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये १०० अंशांवर वीस मिनिटं सुकवा. काचेवर आतून वाफेचा धूसरपणा दिसत असेल तर बाटली सुकलेली नाही.

करवंद, जांभूळ आणि वाळा ८० ते ८५ अंशांवर गरम भरायचे. बाटलीही गरम हवी, आणि ती लाकडी पाटावर ठेवावी. कडाप्प्याच्या गार ओट्यावर गरम सिरप ओतलं की तळाला तडा जातो. वर दोन सेंटिमीटर जागा सोडा. बूच लावल्यावर बाटली दोन मिनिटं आडवी करा, म्हणजे मान आणि बूच आतून गरम होतात.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक बाटली एकदा हलकेच उलटीसुलटी करायची. गरम सिरपाची वाफ रात्रीत मानेत जमते, थेंब होऊन खाली पडते आणि वर पाण्याचा पातळ थर तयार होतो. नुसतं एकदा उलटल्याने तो मिसळून जातो.

मग आठ दिवस बाटल्या कपाटात, काळोखात ठेवून वाट पाहा. उजेडात रंग उतरतो म्हणून काळोख, आणि आठ दिवस यासाठी की जी बिघडायची ती बरेचदा एवढ्यात लक्षण दाखवते. मानेशी बारीक बुडबुड्यांची कडी दिसली, किंवा बूच उघडताना फुस्स आवाज आला, तर यीस्ट लागलं आहे. ती बाटली भेटीतून काढा. पुन्हा उकळून भरायचा मोह होतो, पण आंबलेली चव जात नाही. पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसली तर वरची काढून बाकीचं वापरू नये, सगळं ओतून द्यावं. तळाशी नुसता लालसर गाळ असेल तर तो फळाचाच असतो, त्याने काही बिघडत नाही. साखरेचे खडे धरले असतील तर बाटली कोमट पाण्यात ठेवून ते विरघळवा, आणि पुढच्या वेळी पाक इतका आटवू नका.

बांधणी आणि चिठ्ठी

घाटातल्या एसटीत बाटली फुटते ती दुसऱ्या बाटलीवर आपटून. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा, मग वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा. खोक्याच्या तळाला आणि मधल्या फटींत सुकं गवत किंवा सोडणाचा (नारळाच्या सालीचा) मऊ काथ्या ठासून भरा. काथ्या पुरता सुकलेला हवा, ओला असला तर चिठ्ठीला बुरशी येते. बाटल्या उभ्याच ठेवा आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा. विमानाने जाणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की मोठी बाटली हातातल्या सामानात अडवली जाऊ शकते, ती मोठ्या बॅगेत जायला हवी. एका घराला पाऊण लिटरची एक बाटली देण्यापेक्षा २०० मिलीच्या तीन वेगळ्या चवींच्या द्याव्यात. लहान बाटली उघडल्यावर लवकर संपते, म्हणून बिघडतही नाही. पुढे कुणी मागणी करून पैसे देऊ लागलं तर विक्रीच्या आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्यावी लागते.

चिठ्ठी हाताने लिहिली तरी चालेल, पण शाई पाण्याने न पसरणारी हवी आणि वर पारदर्शक चिकटपट्टी हवी. मजकूर एवढा पुरतो: अमृत कोकम. भरल्याचा महिना, मे. घटक: कोकमाची साल, साखर, मीठ, जिरं, सोडियम बेंझोएट. एक भाग सिरप, पाच ते सहा भाग गार पाणी. दुधात घालू नये, फाटतं. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावं, दोन महिन्यांत संपवावं, ओला चमचा आत घालू नये.